विंडोज ११, आठ महिन्यांनंतर: मदरबोर्ड बदलला आणि लायसन्स अडकलं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता म्हणून मी आधीच विंडोज ११ वर गेलो, त्याला आता आठ महिने झाले. स्पीड, स्टार्ट मेनू यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते फक्त ॲक्टिव्हेशनबद्दल, म्हणजे आपली विंडोज अस्सल आहे हे मायक्रोसॉफ्टकडून मान्य होण्याबद्दल.

२०१० मध्ये मी विंडोज ७ चा रिटेल बॉक्स (मशीनबरोबर न येता वेगळा विकत मिळणारा) पूर्ण पैसे मोजून घेतला. २०१९ ला नवीन मशीन असेंबल केलं तेव्हा त्याच बॉक्सवरची २५ अक्षरी की विंडोज १० च्या सेटअपमध्ये टाकली आणि ती चालली. तिथून ११ फुकटात आलं. एकदा घेतलेल्या वस्तूचं चीज झालं म्हणून भेटेल त्याला सांगत होतो, बॉक्स आणि बिल जपून ठेवा.

जुलैत मदरबोर्ड गेला. कोथरूडमध्ये दिवसभर पाऊस, लाइट चार वेळा गेली-आली. टिळक रोडजवळच्या एका दुकानातून बोर्ड बदलून आणला, एसएसडी (जिच्यावर विंडोज असते ती डिस्क) जुनीच. घरी चालू केलं तर उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'. बिल घेऊन दुकानात गेलो. "काका, बोर्ड बदलला की लायसन्स गेलं. आमच्याकडे स्वस्तातली की आहे, टाकून देतो." बिलाकडे त्याने बघितलंही नाही. पैसे भरलेल्या माणसाला चोरीच्या वाटेला लावायचं, याचा मला अजून राग येतो.

रात्री भिंग घेऊन बॉक्सवरचा कीचा स्टिकर वाचला. शाई पुसट, एक अक्षर 8 आहे का B तेच कळेना. दोन्ही टाकून पाहिलं, दोन्ही नाकारलं. विंडोज ७ आणि ८ च्या कीवर १०-११ चं नवीन ॲक्टिव्हेशन सप्टेंबर २०२३ पासूनच बंद आहे, हे तेव्हा समजलं. पूर्वी विंडोज एक्सपीच्या अपग्रेड सीडीला जुन्या विंडोजची सीडी ड्राइव्हमध्ये दाखवली की भागायचं. विंडोज १० पासून मात्र हार्डवेअरवरून मशीनची ओळख बनते, त्यात मोठा वाटा मदरबोर्डचा, आणि त्या ओळखीवर लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलं जातं. बोर्ड बदलला की सर्व्हरच्या लेखी मशीनच दुसरं.

इथपर्यंत मी दोन स्टार देणार होतो. मग सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट असं गेलो. तिथे 'नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, यादीत माझ्या जुन्या मशीनचं नाव दिसलं, ते निवडलं आणि मिनिटभरात कोपऱ्यातली अक्षरं गेली. एक रुपया लागला नाही. चार स्टार.

हे जमलं कारण लायसन्स रिटेलचं होतं आणि अकाउंटला आधीच जोडलेलं होतं. कंपनीच्या तयार मशीनबरोबर आलेलं ओईएम (मशीन बनवणाऱ्याने घातलेलं) लायसन्स त्याच मशीनचं असतं, ते असं हलत नाही. ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स, अकाउंटशी जोडलेलं' असं लिहिलेलं आहे का ते बोर्ड धड असतानाच बघा. नुसतं 'डिजिटल लायसन्स' असेल तर तिथेच अकाउंट जोडता येतं.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा पीसी पाहिला. त्यांनीही दुकानातून असेंबल करून घेतलेला, रिटेल बॉक्स कपाटात, अकाउंट जोडलेलं नव्हतं. जोडून दिलं आणि पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहून ठेवला.