मुलांना पाहुणचाराचं काम कुठे शिकवावं: घरच्या खोलीत, फ्लॅटवर की वहीत?

घोडबंदर रोडला, खारघरला किंवा नेरुळला एखादा वन बीएचके दिवसाच्या भाड्याने देणाऱ्या घरांत हा विषय परीक्षा संपल्या की निघतो. मुलं घरी असतात, फ्लॅटवर काम असतं, आणि ‘जरा हाताशी घेऊ या’ असं वाटतं. घ्यावं. पण कुठे, ते आधी ठरवावं. मार्ग तीन आहेत. घरातली एक खोली तयार करून ओळखीच्या पाहुण्यांवर सराव करायचा. किंवा एक पाहुणा गेल्यावर आणि दुसरा यायच्या आत मुलाला फ्लॅटवर न्यायचं. किंवा वही उघडून पत्ता, निरोप आणि हिशेब यांवर काम करायचं.

आमचं मत आधीच सांगतो. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी घरची खोली. बारा-तेराच्या पुढे महिन्यातून एक-दोनदा फ्लॅट. वही सगळ्यांनाच, फक्त धडे वेगळे. बहुतेक घरांत उलट होतं: पहिल्याच दिवशी मुलीला फ्लॅटवर नेतात, तिथे घड्याळाशी झटापट चाललेली असते, ती हातात फडकं घेऊन उभी राहते आणि एवढंच शिकते की हे काम म्हणजे झाडू-पोछा.

बिछाना आणि पाहुण्याची नजर

अंथरूण घालायला घरची खोली बरी, कारण तिथे तेच काम तीनदा मोडून पुन्हा करता येतं. वापरलेली चादर झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळत काढायची. केस आणि खाण्याचे कण तिच्यातच राहतात. मग गादीवरच्या संरक्षक कव्हरवर डाग आहे का बघायचं. इलॅस्टिकची चादर घालताना आधी एक कोपरा, मग त्याच्या तिरक्या समोरचा. शेजारशेजारचे कोपरे आधी घातले तर चौथा पोहोचत नाही आणि मुलं ओढून शिवण उसवतात. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे आत येणाऱ्याला ते दिसत नाही.

यानंतरचा धडा खरा महत्त्वाचा. मुलाला त्या पलंगावर आडवं व्हायला सांगा आणि काय दिसतं ते विचारा. पंख्याच्या पात्यांच्या कडेची धूळ उभ्याने कधीच दिसत नाही, उशीवर डोकं टेकलं की पहिली तीच दिसते. बाथरूममध्ये कमोडचं झाकण लावून त्यावर बसायला सांगा: दाराच्या मागचा ओला कोपरा, जाळीत अडकलेला केस, बादलीच्या कडेचा पिवळट पट्टा. पाहुण्यांची तक्रार बहुधा याच उंचीवरून येते. हा खेळ घरी मजेत होतो. फ्लॅटवर ‘आडवा हो’ म्हणायला वेळ नसतो, आणि नुकतं घातलेलं अंथरूण विस्कटायला कुणी देतही नाही.

घरच्या खोलीतली उणीव अशी की तिथले पाहुणे खोटं बोलतात. सुट्टीला आलेली मावशी ‘अगदी छान हो’ म्हणणार, तिला रात्री चार्जरसाठी प्लग सापडला नसला तरी. म्हणून तोंडी विचारू नका. मावशीला एक चिठ्ठी द्या: काय शोधावं लागलं, काय मागावं लागलं, काय आवडलं नाही, प्रत्येकी किमान एक गोष्ट लिहायचीच. मुलाचं लक्ष आपोआप ‘कौतुक झालं का’ वरून ‘काय शोधावं लागलं’ वर जातं.

अकरा ते दोन

फ्लॅटवर जे शिकता येतं ते घरी कितीही नाटक केलं तरी येत नाही, ते म्हणजे वेळ. निघायची वेळ सकाळी ११, पुढच्याची यायची वेळ दुपारी २. मध्ये ३ तास. मशीनची एक फेरी साधारण तासाभराची, आणि जुलैत ठाण्यात टॉवेल दोन दिवस सुकत नाही. मग याच चादरी धुऊन परत घालता येतील का? हे गणित मुलाला स्वतः करू द्या. उत्तर तेच येतं: प्रत्येक पलंगाला ३ जोड, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात, पावसाळ्यात ४. दोन माणसांच्या एका जोडात १ चादर, ४ अभ्रे, १ दोहर, ४ टॉवेल. टॉवेलला फॅब्रिक कंडिशनर लावायचा नाही, त्याने पाणी टिपायची ताकद जाते.

क्रमही इथेच कळतो. आधी खिडक्या उघडून पंखे चालू, मग चादरी काढून मशीनला, मग बाथरूम, म्हणजे बाकीचं होईपर्यंत ते सुकतं. त्यानंतर वरून खाली: पंखा, कपाटाचा माथा, स्विचबोर्ड, ओटा. फरशी शेवटी. फरशी आधी पुसली तर पंख्याची धूळ तिच्यावर पडते आणि काम दुप्पट होतं.

फ्लॅट आठ-दहा दिवस रिकामा राहिला की बाथरूमला गटाराचा वास येतो आणि पालक फिनेल ओततात. कारण वेगळं असतं. जाळीखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, साठलेलं पाणीच खालचा वास अडवत असतं. वापर नसला की ते वाळतं, वास वर येतो आणि झुरळांनाही वाट मिळते. प्रत्येक जाळीत एक-एक तांब्या साधं पाणी ओतलं की काम होतं. कुंडीखालच्या बशीतलं आणि एसीच्या पाण्याच्या बादलीतलं पाणी मात्र आठवड्याच्या आत ओतून टाकायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. एकीकडे पाणी ओतायचं आणि दुसरीकडे काढायचं, हे मुलांना गमतीचं वाटतं आणि म्हणून लक्षात राहतं.

फ्लॅटवर मुलाने काय करायचं नाही

इथे आम्ही कडक आहोत. बाथरूमची रसायनं मुलाच्या हाती नकोत. कमोडच्या क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो मोठ्या माणसालाही झेपत नाही. दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवू नयेत. कचऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही, पिशवी कडेने धरून उचलायची; आत ब्लेड, सुई, फुटका ग्लास काहीही असू शकतं. गीझर, गॅसचं बटण आणि बाल्कनीची काच हे मोठ्यांचं काम. चौदाव्या मजल्यावर बाहेरून खिडकी पुसण्याची हौस तर नकोच.

कायद्याचंही बघावं. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर लावता येत नाही. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात कुटुंबाला मदत करण्याची मुभा आहे. २०१७ च्या नियमांत तिच्यावर मर्यादा आहेत: शिक्षणात अडथळा नको, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही, दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त नाही. म्हणून मुलाने मोजावं, तपासावं, विचारावं. साफसफाईच्या ताईंची पाळी भरून काढू नये. त्या दिवशी ताई आल्या नाहीत म्हणून मुलाला नेणं, हे शिकवणं नव्हे.

पाहुणा समोर असताना मूल एकटं नको. दार मोठ्यांनी उघडायचं, मुलाने नाव-शाळा सांगायची नाही. पाहुण्यांच्या ओळखपत्राचा फोटो मुलाच्या फोनमध्ये अजिबात नको. आधारची प्रत घ्यायचीच तर शेवटचे ४ आकडे दिसणारी झाकलेली. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती सरकारला द्यावी लागते; मुलाला हे माहीत असावं, भरायचं पालकांनी. बुकिंगच्या ॲपवरचं खातंही १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाच्या नावावर नसतं. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीशी केलेला करार १८७२ च्या करार कायद्यापुढे टिकत नाही.

एवढं सगळं वजा केलं तर मुलाकडे उरतं काय? पुष्कळ. मोजदाद: चमचे, ग्लास, हँगर, टॉवेल. रिमोटचे सेल उलटे नाहीत ना. वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवरून बघून स्वतः टाकून चालतो का. राहिलेली वस्तू सापडली तर ती पिशवीत घालून तारीख टाकणं. आणि शेवटची फेरी: दाराशी बूट काढून, ‘मी आत्ताच आलोय’ असं धरून, एकट्याने पूर्ण फ्लॅट बघणं.

वही

वहीचा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. लहानांसाठी पत्ता घ्या. नवी मुंबईत ‘सेक्टर १०’ लिहिलं तर पाहुणा वाशीला उतरेल, नेरुळला, ऐरोलीला की खारघरला? चारही ठिकाणी सेक्टर १० आहे. नोड (वाशी, नेरुळसारखा भाग), सेक्टर, प्लॉट, सोसायटी, स्टेशन आणि स्टेशनची कुठली बाजू, हे सगळं हवं. ठाण्यात ‘वाघबीळ नाक्याच्या पुढे’ याला अर्थ नाही: ठाणे स्टेशनकडून येणाऱ्याचं ‘पुढे’ आणि बोरिवलीकडून येणाऱ्याचं ‘पुढे’ उलट. मुलाने लिहिलेली वाट घेऊन ती न पाहिलेल्या कुणाला तरी चालायला लावा. चुकतो कुठे, तेच दुरुस्त करायचं.

निरोप लिहायला दिला की मुलं ‘आमच्या सुंदर घरात आपले स्वागत’ पासून सुरू करतात. रात्री दहाला बॅगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आधी चार गोष्टी हव्या असतात: गेटवर काय सांगायचं, किल्ली कुठे, वायफाय, गरम पाणी. त्या क्रमाने, चार ओळींत. स्वागत पाचव्या ओळीत चालतं.

येणारा कोण, हेही वहीतच शिकवता येतं. खारघरच्या ॲक्ट्रेकला, टाटा मेमोरियलच्या केंद्रात, उपचाराला आलेलं कुटुंब कित्येक आठवडे राहतं. त्यांना ओटा, कुकर, शांतता आणि जादा बादली लागते. केमोथेरपी चालू असेल तर फुलदाणीत ताजी फुलं ठेवू नयेत. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तसल्या सामन्याला येणारा पाहुणा फक्त झोपायला येतो, त्याला उशिराची किल्ली आणि परतीची वाट हवी. सामन्याच्या रात्री दर का चढतो, हे मुलांना न सांगता कळतं. दर किती चढवणं शोभतं, यावर मात्र वाद घालू द्या.

तेरा-चौदाच्या मुलांसाठी हिशेब. समजा रात्रीचे ३,००० रुपये, दोन रात्री ६,०००. ॲपचा वाटा १० टक्के धरला तर ६०० गेले, साफसफाई ६००, धुलाई ३००, विजेची ३० युनिट १० रुपयांनी ३००. उरले ४,२००. आता सोसायटी, इंटरनेट आणि विजेचा ठरीव आकार मिळून महिन्याचे ६,००० असतील आणि महिन्यात १२ रात्रीच भरल्या असतील, तर भरलेल्या प्रत्येक रात्रीवर ५०० बसतात. दोन रात्रींचे १,००० गेले, उरले ३,२००. घराचा हप्ता आणि कर अजून यात नाहीत. सहा हजारांचे बत्तीसशे होताना बघितलं की ‘एसी बंद करून जा’ ही चिठ्ठी बाबांनी का लावली, ते विचारावं लागत नाही. विजेचा आकडा अंदाजे घेऊ नका. येताना आणि जाताना महावितरणच्या मीटरचं रीडिंग मुलानेच टिपावं.

मग कोणता मार्ग

फ्लॅट तुमच्याच इमारतीत असेल तर खोलीचा सराव दोन-तीन वेळा करून पुढे जायला हरकत नाही. ठाण्यात राहता आणि फ्लॅट उलव्याला असेल, तर जाण्या-येण्यातच मूल थकतं; खोली आणि वही पुरे. केअरटेकर ठेवला असेल तर मुलाला त्याच्यावर ‘साहेब’ करून पाठवू नका, त्याच्या हाताखाली शिकायला पाठवा, नाहीतर दोघेही बिघडतात. सोसायटीची परवानगी अजून लटकलेली असेल तर फ्लॅटचा मार्ग तूर्त बंदच ठेवा. लिफ्टमधले प्रश्न मुलाला विचारले जातात.

पैसे द्यावेत का, असं हमखास विचारलं जातं. आमच्या मते नाही. रोज ठरला की तो रोजगार होतो, आणि मुलं वेगाकडे वळतात. वेग या कामात सगळ्यात शेवटी यावा.

खोलीतून फ्लॅटवर कधी न्यायचं, यासाठी एक सोपी कसोटी आहे. खोली तयार झाल्यावर तुम्ही मुद्दाम पाच चुका करून ठेवा: एक बल्ब सैल, एक टॉवेल कमी, रिमोटचा एक सेल उलटा, उशीवर एक केस, नळाखाली कोरडी साबणाची वडी न ठेवता ओली. यादी न देता मुलाला आत सोडा. सलग तीन वेळा चार तरी सापडल्या, तर पुढच्या वेळी एक पाहुणा जाऊन दुसरा येणार असेल त्या दिवशी त्याला बरोबर घ्या.