'द सेम अ‍ॅज' की 'सिमिलर टू'?

भाचीनं वहीत लिहिलेलं, 'माय चप्पल इज सेम लाइक युवर्स.' कोल्हापुरात चपलेवरनं वाद नको, पण इंग्रजीत 'सेम'च्या आधी 'द' आणि मागून 'अ‍ॅज' लागतो. 'द सेम अ‍ॅज युवर्स', म्हणजे अगदी तशीच. 'सिमिलर'ला 'टू' हवा, आणि त्यात थोडा फरक गृहीत असतो. मराठीत हे काम एकटा 'च' करतो: सारखी, सारखीच. तांबडा रस्सा पांढऱ्याशी 'सिमिलर' चालेल, दोन्हींत मटणाचं अळणी पाणीच. 'द सेम' म्हणालात तर पुढ्यातलं ताट जाईल! 'सेम टू सेम' बोलायला झकास, पेपरात नको. 'रिझेंबल' (सारखं दिसणं) या क्रियापदाला तर प्रीपोझिशनच नाही: 'शी रिझेंबल्स हर मदर'. मध्ये 'टू' घातला की मार्क गेला.