सेकंड-हँड शेव्हरोले बीट : तळेगावची गाडी आता घ्यावी का?

पेट्रोल बीट चांगल्या अवस्थेत मिळाली तर जरूर घ्या. डिझेल घेताना दहा वेळा तपासा, आणि जवळच्या मेकॅनिकचा हात या इंजिनावर बसलेला नसेल तर सोडून द्या. निकाल आधीच सांगितला, कारण या गाडीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय : कंपनी बुडाली, कामगार काढले, म्हणजे गाडीही तशीच बांधलेली असणार.

तारखा पाहिल्या की हे टिकत नाही. शेव्हरोले हा जनरल मोटर्सचा ब्रँड. तिचा पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला, बीट २०१० च्या जानेवारीत आली. भारतातली विक्री थांबवायची घोषणा मे २०१७ मध्ये झाली. त्यानंतरही तळेगावची लाइन चालूच होती. बीट मेक्सिकोला जात होती आणि उत्पादन थांबलं ते डिसेंबर २०२० मध्ये. १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला गेला, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलं, ते एप्रिल २०२१ मध्ये. आपल्याकडे विकायला असलेली शेवटची बीटसुद्धा त्याच्या कितीतरी आधीची आहे.

कामगारांचं मात्र फार वाईट झालं. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी होती. बाकीचे भत्ते आणि ओव्हरटाइम त्यात धरत नसत, त्यामुळे हातात येणारी रक्कम निम्म्याहूनही बरीच खाली जायची. घराचा हप्ता मात्र तेवढाच. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला कारखाना विकायचा करार २०२२ मध्ये मोडला. ह्युंदाईने २०२३ मध्ये जागा आणि यंत्रं घ्यायचा करार केला, त्यात हे कामगार नव्हते. आम्हालाही सामावून घ्या, यासाठी त्यांना उपोषणाला बसावं लागलं. आज तिथून ह्युंदाईची नवी व्हेन्यू बाहेर पडते. वर्षानुवर्षं एकच लाइन चालवलेली माणसं बाहेर ठेवून यंत्रं तेवढी घ्यायची, हा व्यवहार कागदावर कितीही चोख असो, अन्यायाचा आहे.

तो उत्पादनाच्या दृष्टीनेही महाग पडतो. बॉडीचं स्पॉट वेल्डिंग बहुतेक ठिकाणी रोबो करतो. पण दरवाजा बसवणं, वायरिंग हार्नेस ओवून क्लिपा लावणं, वायरीच्या भोकातलं रबर ग्रोमेट दाबणं, दरवाजाच्या कडेचं रबर बीडिंग ठोकणं ही हाताची कामं. लाइन कुणासाठी थांबत नाही, प्रत्येक स्टेशनला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. मुरलेल्या कामगाराला बोल्ट आडव्या आट्यात गेला की पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच कळतं, तो उलटा फिरवून पुन्हा लावतो. चार दिवसांपूर्वी आलेला कंत्राटी पोरगा हवेवर चालणारी न्यूमॅटिक गन दाबतो आणि गाडी पुढे जाते. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर दिसतो, आटे मात्र कापलेले असतात. अशा गाड्या पहिल्या पावसाळ्यात पायाशी पाणी घेतात, नाहीतर दोन वर्षांत डॅशबोर्डातून कुरकुरतात. कुठल्याही कंपनीत कायम कामगार घटवून लाइन चालवली असेल, तर त्या बॅचमध्ये हेच आधी बघावं.

बीट बघायला गेलात की सुरुवात इथूनच करा. डिकीच्या दरवाजाचं रबर बीडिंग हाताने ओढून काढा. खाली पत्र्याच्या कडेवर गोल वेल्डचे ठसे सारख्या अंतरावर हवेत; ते गायब असतील किंवा ग्राइंडर फिरलेला दिसला तर मागून ठोकलेली गाडी आहे. मग चारही दरवाजांच्या आतल्या कडेचा सीलंट पाहा. कारखान्यातला थर एकसारखा असतो, गॅरेजमध्ये भरलेला खडबडीत. फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला नसावा. मागच्या दरवाजाचं हँडल खिडकीशेजारच्या खांबात लपवलंय. ते प्लॅस्टिकचं आहे आणि तुटतं. दोन्ही बाजू उघडून बघा.

१.२ लिटर पेट्रोल इंजिन साधं आणि सोशीक आहे. कॅम टायमिंगला चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा : दोन-तीन सेकंदांनंतरही खडखड येत राहिली तर चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय.

डिझेल ९३६ सीसी, तीन सिलिंडर, फिआटच्या १.३ मल्टिजेटवरून बेतलेलं. कंपनीचा आकडा लिटरला २४ किलोमीटरचा होता, पुढे २५.४४ झाला, म्हणून टुरिस्टवाल्यांनी या गाड्या भरपूर पळवल्या. पिवळ्या पाटीची पांढरी झालेली गाडी नको. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण दाबा. २,००० च्या आसपास ओढ यायला हवी. न येता काळा धूर आला तर टर्बोचा पाइप फाटलेला, ईजीआर (धूर इंजिनात परत फिरवणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरलेला किंवा टर्बोच थकलेला. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप सोडवून आत बोट फिरवा. तेलाचा पुसट थर चालतो, ओघळ चालत नाही. तेलाच्या झाकणातून जोरात धूर येत असेल तर पिस्टन रिंगा संपल्या, भाव न करता परत फिरा.

क्लच पेडल पायाने डावी-उजवीकडे हलवून बघा. डिसेंबर २०१० ते जुलै २०१४ या काळातल्या १,०१,५९७ डिझेल बीट कंपनीने क्लच पेडलच्या लिव्हरसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झाल्याची नोंद सर्व्हिस हिस्टरीत मागा. नसेल तर डॅशबोर्डखाली वाकून लिव्हर ढिला किंवा चिरलेला आहे का, हे टॉर्च मारून बघाच.

कंपनी भारतातून गेल्याची खरी झळ सुट्या भागांना लागते. फिल्टर, ब्रेक पॅड, लोअर आर्म, शॉकर बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात. टॉप मॉडेलचा १६५/६५ आर१४ टायर कुठेही मिळतो. हेडलॅम्प, मीटर कन्सोल, स्टिअरिंग रॅक, दरवाजाचं हँडल, डिझेलचा क्लच सेट यांसाठी कुर्ल्याचं किंवा दिल्लीच्या मायापुरीचं भंगार धुंडाळावं लागतं, आणि त्या काळात गाडी उभी राहते. दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) नवी चावी कोड करायला योग्य स्कॅनर असलेला माणूस शोधणं हेच मोठं काम आहे.

एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त वरच्या मॉडेलमध्ये होते. घरच्यांसाठी घेणार असाल तर तेच शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

कागद बघताना नोंदणीची तारीख सर्वांत आधी. १५ वर्षं झाली की फिटनेस, पर्यावरण कर आणि नोंदणी नूतनीकरणाची ५,००० रुपये फी लागते. २०१०-११ ची गाडी म्हणूनच फुकटातही महाग. २०१४ नंतरची, पेट्रोल, एकाच मालकाची, वरचं मॉडेल असेल तर सव्वा लाखापर्यंत जायला हरकत नाही; डिझेलला त्यातून २५-३० हजार क्लच आणि इंजेक्टरसाठी आधीच कापून भाव सांगा.