पहिला स्फोट मोजायचा तर स्विफ्ट की फर्मी?

गॅमा-किरण स्फोटाचा (दूरच्या अवकाशातून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या झोताचा) खुला डेटा पहिल्यांदाच उघडणार असाल, तर स्विफ्ट की फर्मी, कुठल्या अवकाश दुर्बिणीचा घ्यावा इथेच घोडं अडतं. माझंही अडलं होतं.

नुसते स्फोट सापडण्याचं म्हणाल तर फर्मीला तोड नाही. पृथ्वीआड गेलेलं सोडलं तर सगळं आकाश त्याच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणाच्या १४ डिटेक्टरांसमोर असतं, वर्षाला २४० च्या आसपास स्फोट मिळतात. स्विफ्टच्या बॅट या तशाच उपकरणाला आकाशाचा जेमतेम नववा हिस्सा दिसतो. १७ ऑगस्ट २०१७ ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतर १.७ सेकंदांनी आलेली चमक फर्मीने टिपली. स्विफ्ट आणि त्या टकरीच्या मध्ये तेव्हा नेमकी पृथ्वी आली होती.

पण मोजायला बसलात की जीबीएमचं बॅकग्राउंड, म्हणजे स्फोटाखेरीजची मोजणी, छळतं. डिटेक्टर चहूकडून येणारं सगळंच मोजतात आणि उपग्रह फिरत असल्याने ते बॅकग्राउंड सतत चढत-उतरत राहतं. स्फोटाच्या आधीचा आणि नंतरचा शांत तुकडा आपणच निवडायचा, त्यातून बहुपदी (एक गुळगुळीत वक्ररेषा) बसवायची आणि ती वजा करायची. शांत म्हणजे किती शांत? एका लांब, मंद शेपटीच्या स्फोटाचा टी-९०, म्हणजे त्याचे मधले ९० टक्के किरण यायला लागलेला वेळ, मी सकाळी काढला. संध्याकाळी उजवीकडचा तुकडा थोडा पुढे सरकवून पाहिला, तर उत्तर सात सेकंदांनी वाढलं. दोन्ही आलेख दिसायला तितकेच सभ्य! माझ्या हाताचा दोष असेलही, पण त्या दिवसापासून मन उडालं.

बॅटमध्ये ही कटकट जवळजवळ नाहीच. वर शिशाच्या तुकड्यांची जाळी, खाली ३२,७६८ डिटेक्टर. स्फोटाच्या दिशेने जाळीची सावली कुठे पडते त्यानुसार प्रत्येक डिटेक्टरला वजन दिलं की बॅकग्राउंड आपोआप शून्याला येतं. त्याच सावलीवरून स्फोटाची आकाशातली जागाही काही कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अचूकतेने कळते. जीबीएम एकटं असेल तर जागा बऱ्याचदा काही अंशांनी चुकते, आणि ती चूक रिस्पॉन्समधून (कुठल्या दिशेच्या, किती ऊर्जेच्या किरणाला डिटेक्टर कसा प्रतिसाद देतो त्या हिशेबातून) थेट वर्णपटात, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्या आलेखात, शिरते.

बॅटची एक उणीव मात्र मोठी आहे. त्याची मोजणी १५० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला थांबते आणि बऱ्याच स्फोटांच्या वर्णपटाचं शिखर त्याच्या वर असतं. एकूण ऊर्जा हवी असेल तर ४० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाणाऱ्या जीबीएमशिवाय गत्यंतर नाही.

तरी सुरुवात बॅटने करावी असं मला वाटतं, तीही दोघांनीही पाहिलेला एखादा मध्यम तेजाचा स्फोट निवडून. ९ ऑक्टोबर २०२२ च्या त्या प्रचंड स्फोटाच्या वाटेला इतक्यात जाऊ नका: जीबीएमचे डिटेक्टर त्यात तुडुंब भरून गेले आणि बॅटला तो दिसला तासाभराने. मी तर अजून जीबीएमचं बॅकग्राउंड आखताना बॅटचा लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचा आलेख) शेजारच्या खिडकीत उघडा ठेवतो, शेपटी कुठवर जाते ते बघायला. बॅटच्या कमी ऊर्जेत ती जरा लांबच दिसते म्हणा.