छोट्या प्रकाशनाचे नवे कवितासंग्रह आणि कथासंग्रह : काही महिन्यांच्या वाचनानंतर

दिवाळीच्या सुमारास नाशिकमधल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडून दोन कवितासंग्रह आणि दोन कथासंग्रह घेतले. पुस्तक हाती पडताच दिलेला अभिप्राय बहुधा मुखपृष्ठापुरता आणि मलपृष्ठावरच्या मजकुरापुरता राहतो, आणि कविता तर पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय उलगडत नाही, म्हणून उन्हाळा सरेपर्यंत थांबून हे लिहीत आहे.

सर्वांत जास्त हाताळला गेला तो द्राक्षबागायतदार घरातल्या एका कवीचा पहिला संग्रह. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीवर, म्हणजे फळ धरण्यासाठी वेलींची जी छाटणी करतात तिच्यावर, त्यात एक दीर्घ कविता आहे. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावत बायका बागेच्या ओळीतून पुढे सरकतात आणि त्यांच्याबरोबर कवितेची ओळही लांबत जाते. पहिल्या वाचनात तपशील मनात भरतो. नंतरच्या वाचनांत त्या कामाचा थकवा लयीतूनच जाणवू लागतो. अशा लांब ओळींना डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानाची रुंदी पुरत नाही. कडेला तुटलेल्या ओळीचे उरलेले शब्द थोडे आत सरकवून छापले नाहीत, तर ती कवीने मुद्दाम तोडलेली ओळ वाटते. या संग्रहात ही काळजी पानोपानी घेतलेली दिसते. दुसऱ्या संग्रहात मात्र ती घेतलेली नाही, आणि मोठ्याने वाचताना जागोजागी अडखळायला होते. त्या कविता चांगल्या आहेत, म्हणूनच याचे वाईट वाटते.

कथासंग्रहांपैकी एक मला मनापासून आवडला. लासलगावच्या बाजार समितीबाहेर उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरवर रात्र काढणाऱ्या सासू-सुनेची कथा लिलाव पुकारला जाण्याआधीच थांबते. भाव काय मिळाला हे लेखिकेने सांगितलेले नाही, कारण तोपर्यंत दोघींमधला व्यवहार पुरा झालेला असतो. असा शेवट राखायला संपादकही जाणता लागतो. दुसरा संग्रह बेताचा आहे. त्यातल्या एका कथेत जाऊबाईंचे नावच मध्येच बदलते, म्हणजे मुद्रितशोधन नीट झालेले नाही.

बांधणीबद्दल स्पष्टच लिहायला हवे. दोन्ही कवितासंग्रह सोळा पानी फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवून बांधलेले आहेत. ते टेबलावर सपाट उघडे राहतात आणि आजही घट्ट आहेत. कथासंग्रहांच्या पाठीला नुसता गरम गोंद आहे. हा गोंद थंडीत कडक होतो, आणि जानेवारीत आपल्याकडे गारठा किती असतो हे नाशिककरांना सांगायला नको. पुस्तक पूर्ण उघडले तशी पाठीला चीर गेली आणि काही दिवसांत मधली पाने सुटी झाली. जिथे 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांत फिरतात, तिथे एकेक प्रत कितीतरी हातांतून जाते. प्रकाशकांनी हा वाचक डोळ्यांसमोर ठेवावा, मग किंमत थोडी वाढली तरी चालेल.

कवितासंग्रहांपैकी पहिला अवश्य घ्यावा. लासलगावच्या कथेचा संग्रह वाचनालयातून आणून तरी वाचावाच. त्याची पुढची आवृत्ती शिवलेल्या बांधणीत निघाली, तर मी तो पुन्हा विकत घेईन.