दोन इंटरनेट जोडण्या, एक राउटर : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमचे करसल्लागाराचे कार्यालय पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या शेवटच्या दिवशी, इंटरनेट गेले तर विलंब शुल्क ग्राहकाला बसते आणि बोलणी आम्हाला खावी लागतात. म्हणून सात महिन्यांपूर्वी एकाहून अधिक वॅन पोर्ट (बाहेरून आलेले इंटरनेट जोडण्याच्या खाचा) असलेला टीपी-लिंक ईआर६०५ हा राउटर घेतला आणि त्याला दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर जोडण्या दिल्या.

पहिली चूक तेथेच झाली. कंपन्या दोन असल्या तरी दोघींच्या तारा गल्लीतल्या एकाच खांबावरून आलेल्या होत्या आणि वळवाच्या पावसात फांदी कोसळली तेव्हा दोन्ही एकदमच तुटल्या. त्यानंतर दुसरी फायबर काढून तिच्या जागी ५जी सिमचा राउटर लावला. (मोबाइल टॉवरलाही बहुधा फायबरच जोडलेली असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.)

सुरुवातीला दोन्ही जोडण्यांवर भार वाटून दिला होता. वेग वाढल्यासारखा वाटला, पण एकाच कामातील काही विनंत्या एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील जोडणीच्या ओळख-क्रमांकावरून) आणि काही दुसऱ्यावरून जाऊ लागल्याने बँकेचे संकेतस्थळ मध्येच लॉगआउट करू लागले. आता फायबर मुख्य आणि ५जी केवळ राखीव, अशी मांडणी आहे.

खरा त्रास झाला तो फायबर ‘अर्धी’ बंद पडल्यावर. भिंतीवरच्या ओएनटीचा (फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डब्याचा) दिवा हिरवा, केबल शाबूत, कंपनीचे गेटवेही (तिच्या जाळ्यात शिरण्याचे पहिले ठाणे) उत्तर देत होते. बिघाड त्याच्या पलीकडे असल्याने राउटरच्या लेखी सर्व आलबेल होते आणि आम्ही पाऊण तास हातावर हात ठेवून बसलो. जोडणी चालू आहे का हे पाहायला राउटर ज्याला सतत हाक देतो, तो तपासणीचा पत्ता म्हणून मी गेटवे दिले होते, हे त्याचे कारण. त्याऐवजी १.१.१.१ हा बाहेरचा पत्ता दिल्यापासून बदल आपोआप आणि अर्ध्या मिनिटाच्या आत होतो. तरीही एकदा जोडणी बदलूनही संकेतस्थळे उघडेनात, कारण संगणकांवर फायबर कंपनीचाच डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) टाकलेला होता आणि तो बाहेरच्या जाळ्यातून आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नव्हता.

एक उणीव राहिलीच आहे. स्थिर आयपी, म्हणजे कधीही न बदलणारा पत्ता, फक्त फायबरवर आहे. ५जी सिमला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे राखीव जोडणी चालू असताना घरून काम करणाऱ्यांना कार्यालयातील टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचता येत नाही. कार्यालयाकडूनच बाहेरच्या सर्व्हरला बोगदा (व्हीपीएनसारखी सुरक्षित खासगी वाट) जोडण्याचा उपाय आहे, तो अजून केलेला नाही.

ओएनटी, राउटर, ५जीचा डबा आणि स्विच ही चारही उपकरणे एकाच यूपीएसवर घेतली आहेत. चाचणी मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी घेतो, आणि ती राउटरची केबल उपसून नव्हे, तर ओएनटीतून फायबर काढून, म्हणजे राउटरच्या लेखी केबल शाबूत असतानाही तपासणी चालते की नाही ते कळते.