ताज्या रंगाखालचा तडा

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात १९३१ च्या फोर्ड मॉडेल एची चॅसी दोन वर्षं इंजिनाविना उभी आहे. मडगार्ड काढलेली, टप खाली घेतलेली, जुन्या वळणाची हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरबदल केलेली जुनी गाडी, घरीच बांधायची आहे. तिला इंजिन हवं फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे चपट्या हेडचं, आठ सिलिंडरचं. फोर्डने ते १९३२ साली आणलं आणि महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी कोरड्या तळ्यांवर त्याच इंजिनाच्या गाड्या पळवल्या. आजचं इंजिन बसवलं की गाडी पळेल, पण हॉट रॉडची मजा गेली.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एकाने दाखवलं: मर्क्युरीचं (फोर्डचाच दुसरा ब्रँड) २५५ घनइंची, पूर्ण रीबिल्ट, एकदाही सुरू न केलेलं. रंग चकचकीत, क्रँक हाताने अलगद फिरत होता. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, "नवीन गॅस्केट वाया जातील." मला ते पटलं. ३,२०० डॉलर रोख मोजले आणि "आहे त्या स्थितीत" लिहिलेल्या पावतीवर सहीही केली.

घरी आल्यावर राहवेना, म्हणून एका बाजूचं हेड काढलं. क्रँक फिरवून पिस्टनची चाल मोजली, तर पावणेचार इंच. मर्क्युरीची चार इंच असते. म्हणजे हे साधं फोर्डचं. मग व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधली अरुंद पट्टी थिनरच्या फडक्याने पुसली. रंग गेला आणि खाली करडी लांबी (पुट्टी) दिसली. नखाने उकरली तर पापुद्रा निघाला, आणि त्याखाली केसाएवढा बारीक तडा.

या इंजिनात एक्झॉस्टचा मार्ग ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, पोटातूनच जातो, त्यामुळे ते तापतं आणि तडे नेमके इथे किंवा हेडच्या बोल्टच्या भोकांपाशी जातात. मशीन शॉपमध्ये चुंबक लावून लोखंडाची पूड भुरभुरली (तड्यापाशी ती गोळा होते), तेव्हा अशा तीन रेषा उमटल्या. एक थेट पाण्याच्या जॅकेटपर्यंत, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीपर्यंत. दुरुस्तीचा खर्च किमतीहून जास्त निघाला.

विकणारा फोन उचलत नाही. सही केलेली असल्याने दावा टिकणं अवघड, असं वकील मित्राने सांगितलं.

बाबांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर बीड ओतलं. फोनवर त्यांनी पहिलंच विचारलं, "अरे, रंग दिलेला ब्लॉक घेतलासच कसा? फाउंड्रीत रंग दिसला की आम्ही आधी खरवडून बघायचो." मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी फ्लॅटहेड घेणार असेल, तर दोन्ही हेड उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. गॅस्केटचे पैसे हवं तर तुम्ही द्या, पण ब्लॉक चुंबकाने तपासून घ्या आणि पिस्टनची चाल स्वतः मोजा. पावतीवर "ब्लॉकला तडा नाही" हे विकणाऱ्याच्या हाताने लिहून घ्या.

येत्या शनिवारी दुसरं इंजिन बघायला चाललोय. मालकाने दोन्ही हेड आधीच उतरवून ठेवलीत, ब्लॉकवर रंग नाही, नुसता गंज आहे.